शियांगांच्या घरचे बाकडे

मी, शियांग देफू, वय ७८, धंदा टोफूचा, राहणार शीथान, प्रांत झेच्यांग, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास माझ्याशी भाव करून पाहावा.

घर मुलगा चाओहुई यास. तो विकणार, ठाऊक आहे. फोनवर तो तब्येत विचारतो तेव्हा मागून सूनबाई कुजबुजते, "छत गळतं का विचारा." गळत नाही, सूनबाई. कावड खांद्यावर घेऊन टोफू विकत बांधले आहे.

बँकेतील शिल्लक मुलगा-मुलगी दोघांना निम्मी-निम्मी.

पूर्वी पहाटे कोणाचे दार वाजले हे मी अंथरुणातून ओळखत असे. आता गल्लीतली बाकीची बंद; वाजते ते माझे, नाहीतर शेजारचे.

आता बाकड्याचे. कंदिलांच्या सणाला घरटी एक बाकडे, त्यावर कंदील, आणि बाकड्याला बाकडे खुंटीने जोडून, खांद्यावर मिरवत आमचा ड्रॅगन होतो. डोके देवळाशी असे तेव्हा शेपूट ओढ्यापलीकडे असे. घर बंद झाले की त्याचे बाकडेही बंद. गेल्या सणाला शेपूट चौकातच संपले.

माझे बाकडे मुलगी युएफेन हिला देतो. ती म्हणाली, "बाबा, बाईनं हात लावला तर ड्रॅगन आजारी पडतो म्हणे?"

म्हटले, "आता कुठं धडधाकट आहे तो!"

पण खुंटी ठोकणार शेजारी लोउ माओशेंग. ड्रॅगनचा तो म्होरक्या. बाईच्या बाकड्याला खुंटी नाही, असे त्याने बजावले आहे. माझ्या टोफूला भर चौकात 'फरशी' म्हणाला होता, तेही मी विसरलेलो नाही. तरी माझे सोयाबीन दळायचे दगडी जाते माओशेंगला द्यावे. जाता-येता त्यावर हात फिरवतो, मी पाहतो. अट एकच: युएफेनच्या बाकड्याची खुंटी त्याने स्वतः ठोकावी. नाही ठोकली, तर जाते तालुक्याच्या संग्रहालयाला. तिथे लोक त्यावर बसून फोटो काढतील.

पुढचे आजच घडले म्हणून जोडतो. माओशेंगला मुद्दाम साक्षीला बोलावले. त्याने सगळे वाचले.

"देफू, मेल्यावरही माझ्याशी सौदा करणार तू?"

"जिवंतपणी ऐकलं असतंस तर आत्ताच केला असता. कर सही."

त्याने लेखणी उचलली, जात्याची अट पुन्हा वाचली. मग लेखणी खाली ठेवली.

"सही नाही करणार."

"का?"

"ज्याला काही मिळायचंय त्याची साक्ष चालत नाही, गाढवा."

म्हणून त्याचे नाव खोडून दुसरे घातले आहे. खाडाखोड मला मान्य आहे.

शियांग देफू (सही)

साक्षीदार:
~~लोउ माओशेंग~~ च्यू वेनबिंग, पोस्टमन (सही)
थू रुइयिंग, निवृत्त शिक्षिका (सही)

शीथान, १८ नोव्हेंबर २०१९