रोबोनं जोडलेली कंबर

२ डिसेंबर, मंगळवार. पुणे, हॉस्पिटल.

ऑपरेशन फर्स्ट क्लास. रोबोनं केलं. डॉक्टरांचं म्हणणं, रोबो फक्त स्क्रू कुठून आणि किती तिरका घालायचा ते दाखवतो, हात आमचेच असतात. मोठी माणसं क्रेडिट सोडत नाहीत. टाके जवळजवळ नाहीतच, नुसती बारीक भोकं.

पेल्व्हिस, म्हणजे कंबरेचं हाड, दोन ठिकाणी मोडलं होतं. चूक ट्रॅक्टरवाल्याची. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचं माझं टेक्निक लहानपणापासूनचं आहे. त्यानंच ऐन वेळी गिअर बदलला. हेलन म्हणते, रिटायर्ड पीटी टीचरला हे शोभतं का! बायको आहे, काळजीपोटी बोलते.

३१ जानेवारीला दयाचं लग्न. लेकीचा हात धरून तिला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मीच चालत नेणार. वॉकरशिवाय. हे फायनल.

६ डिसेंबर. देवळाली प्रवरा, घरी.

अँब्युलन्समधून उतरलो तर गल्ली गोळा झालेली. सगळ्यांना रोबो समजावून सांगितला. काहींना दोनदा.

शेजारचा कारभारी केळी घेऊन आला. गेल्या वर्षी गोठ्यात घसरून त्याचीही कंबर मोडली होती. त्याचं ऑपरेशन साधंच, हातानं केलेलं. म्हणाला, मास्तर, रोबूट असू न्हाई तर कुनी बी, पाय आपुनच हलवायचा अस्तो, म्या रोज हलवला म्हून हिंडतोय. बिचारा. हातकामाला व्यायाम लागणारच.

९ डिसेंबर

राहुरीहून फिजिओ आली. बघतो तर राजनंदिनी, आमची आठवी ब! उशिरा आली की हिला मी ग्राउंडला चक्कर मारायला लावायचो. आता ती मला म्हणते, सर, पाय उचला. झोपून दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढच्या आठवड्यात वॉकर धरून उभं राहायचं.

दहा सांगितले, चार केले. रोबोच्या कंबरेला चार म्हणजे दहाच.

१८ डिसेंबर

निश्चय: उद्यापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ. खाडा नाही.

१९ डिसेंबर

कडाक्याची थंडी. अशा हवेत हाडाला छेडणं बरोबर नाही.

२५ डिसेंबर. नाताळ.

उपासना मोबाईलवर. करंज्या सहा. व्यायाम नाही, सण आहे.

दया शेजारी येऊन बसली. म्हणाली, पप्पा, लग्नात वॉकरला पांढरी रिबीन लावू, हळूहळू जाऊ, मला काही घाई नाही. मनाला लागलं. म्हटलं, तुझा बाप वॉकर ढकलत येणार नाही. उठून आत गेली. पटलं असावं.

८ जानेवारी. पुणे.

एक्स-रे काढला. डॉक्टर खूश. स्क्रू जागच्या जागी, हाड छान जुळतंय. म्हणजे माझंच बरोबर होतं. मग त्यांनी मांडी दाबून पाहिली. स्नायू पार वाळलेत म्हणाले, व्यायाम करता ना? म्हटलं, रेग्युलर. हेलन छताकडे बघत होती.

आता पूर्ण वजन टाकायला परवानगी. वॉकर धरून, हळूहळू. 

१२ जानेवारी. घरी.

राजनंदिनीनं रोज यायचं ठरवलं. दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी मी झोपेचं सोंग घेतलं. लग्नाच्या धावपळीत विश्रांतीही हवी.

२० जानेवारी

रिहर्सल. पलंग ते दार, वॉकर धरून. जाताना उत्तम. येताना हेलननं खुर्ची आणली. त्या बाजूनं फरशीला चढ आहे.

२९ जानेवारी

वॉकर कारभारीकडे देऊन टाकला. डोळ्यांसमोर असला की मन कच्चं होतं. तो म्हणाला, लग्नात मागं घिऊन हुबा ऱ्हातो, कुनाला दिसनार न्हाई. साफ नको म्हटलं. मिशा डाय केल्या.

३१ जानेवारी, शनिवार. संध्याकाळ.

सूट बरोबर बसला. देवळाच्या दारात दयानं माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता. गायकमंडळींनी गीत सुरू केलं. पहिली दोन पावलं पडली. नंतर पाय उचलेचना. जोर लावला, उचलेना. गीत संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. सगळी मंडळी मान वळवून बघत होती. दया कानात म्हणाली, पप्पा, राहू द्या.

कारभारीनं धरून मला शेवटच्या बाकावर बसवलं. हेलन पुढून उठून आली, लेकीचा हात धरला आणि दोघी गेल्या. मला दयाची पाठ तेवढी दिसली.

पाळकसाहेबांनी विचारलं, ह्या वधूला कोण देतो? मी मागून ओरडलो, मी! पण उशीर झाला होता. हेलननं आधीच उत्तर दिलं होतं.

रोबोला बोल लावायला जागा नाही. स्क्रू पक्के आहेत.

दया सासरी, सोनईला निघाली, तेव्हा मला गाडीपर्यंतही जाता आलं नाही. दयाच माझ्या खुर्चीपाशी आली. रडली. मीही रडलो, लपवत नाही. म्हणाली, पुढच्या शनिवारी आम्ही दोघं घरी येतोय, फाटकापर्यंत घ्यायला या.

घरी येऊन पलंगावर पाय उचलून पाहिला. जेमतेम वीतभर. राजनंदिनीला फोन केला, उद्या सकाळी ये म्हटलं. ती म्हणाली, सर, उद्या रविवार, तुमची उपासना असते ना.

म्हटलं, तरी ये.