तुझ्या ताईने लावलेली पाटी

चि. धाकटीस,

तुझ्या भावोजींचे आशीर्वाद, आणि तुझ्या मागच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही त्याबद्दल कान पकडलेले आहेत असं समज. (एकच कान. दुसऱ्या हाताने लिहितो आहे.) तुझा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, ते कळवलं नाहीस. उतरताना दुखत असेल तर लिफ्ट वापर, चढताना दुखत असेल तरी लिफ्टच वापर. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाकडे याहून निराळं औषध नाही. तुझे यजमान अजून तसेच घोरतात का? घोरू देत. घरात दुसऱ्या कुणाचा आवाज असणं काय असतं, ते लिहायला बसलो तर पत्र भलतीकडे जाईल. मी ठीक आहे. डाव्या डोळ्याला हल्ली एका ओळीच्या दोन दिसतात, तेव्हा तो वाचताना मिटून ठेवतो.

तुझी ताई गेल्यापासून मी तिच्या ब्लॉगच्या मागे लागलो आहे, हे तुझ्या भाचीने सांगितलं असेलच. धुलाईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तीस वर्षं लोकांचे कपडे रफू करून जे हाताला कळलं, ते तिने शेवटच्या दोन वर्षांत लिहून काढलं. एकतीस लेख. ती मराठीत लिहायची, मी त्याचं इंग्रजी आणि या परक्या देशातल्या भाषेत भाषांतर करायचो. (तीन भाषा कशाला, असं तूच विचारलं होतंस. लिफ्टमध्ये सूचना तीन भाषांत असतात, कारण अडकलेला माणूस कुठल्या भाषेत घाबरेल ते आधी सांगता येत नाही.) अशी त्र्याण्णव पानं झाली, आणि मला वाटलं, आता ती जगभर वाचली जाते आहे.

दोन महिन्यांपूर्वी तुझ्या भाचीच्या कचेरीत कुणाची तरी शाल फाटली. माझ्या आईने यावरच लिहिलंय, असं मोठ्या ऐटीत सांगून तिने सगळ्यांसमोर ताईचंच वाक्य शोधयंत्रात जसंच्या तसं टाकलं: रफूची सुरुवात भोकापासून करायची नाही, आजूबाजूच्या धड कापडापासून करायची. शोधयंत्राने गालिचे विकणारा एक दाखवला, दात बसवणारा एक दाखवला. तिने मला फोन केला, बराच वेळ हवेबद्दल बोलली, आणि मग म्हणाली, "बाबा, आई सापडतच नाही."

त्यानंतर मी दुसरं काही केलेलं नाही. शोधयंत्राकडे आपल्या ब्लॉगचा एक अहवाल असतो, कुठलं पान दप्तरी नोंदलं आणि कुठलं का नाही, त्याचा. तो उघडला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ही पानं मालकाच्या सांगण्यावरून वगळली आहेत. आता मालक मी, आणि मी असं कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा यंत्र सरळसरळ खोटं बोलतंय असं ठरवून ती ओळ मी सोडून दिली आणि खालच्या बारीक दोषांना हात घातला. (लिफ्टच्या दप्तरात मी असं कधीही केलं नसतं. घरी माणूस ढिला पडतो.)

बारीक दोष पुष्कळ निघाले. एकाच लेखाच्या तीन भाषांतल्या पानांनी एकमेकांची ओळख द्यायची असते, आणि ती दोन्ही बाजूंनी द्यावी लागते. आमचं मराठी पान म्हणायचं, ही माझी इंग्रजी बहीण. इंग्रजी पान म्हणायचं, ह्या कोण बाई? ते बासष्ट ठिकाणी नीट केलं. मग कळलं, की मूळ पान मराठी आहे असं मी प्रत्येक भाषांतरावर लिहून ठेवलं होतं, तुझ्या ताईच्या मानापोटी. यंत्राला मान कळत नाही. त्याने बाकीच्या पानांना नक्कल ठरवून बाजूला टाकलं. प्रत्येक पान आपल्या जागी मूळच आहे, असं पुन्हा त्र्याण्णव वेळा सांगितलं. मग पानांची यादी यंत्राला द्यायची असते ती दिली, आणि त्यात अजून न लिहिलेले तीन लेखही घालून बसलो. ती नावं ताईने वहीत लिहून ठेवली होती, पुढे करायची म्हणून. ती खोडताना मात्र उठून जरा खिडकीपाशी जाऊन आलो.

आणि एवढं करून तपासनीस येईना. शोधयंत्राचाही एक तपासनीस असतो, तो लिफ्टच्या तपासनिसासारखाच, आपण वाट बघायचं सोडल्यावर येतो. सहा आठवड्यांनी आला, आणि पहिली ओळ तीच. मालकाच्या सांगण्यावरून वगळली आहेत.

तेव्हा कुठे मी सेटिंग उघडून पाहिलं. तिथे एक चौकोन आहे, शोधयंत्रांनी इथे येऊ नये, असा. त्यात खूण केलेली. खाली तारीख, दोन हिवाळ्यांपूर्वीची, आणि खूण करणाऱ्याच्या जागी तुझ्या ताईचं नाव. मालक तीच होती, धाकटे. मी नुसता दुरुस्तीवाला.

मला तो दिवस आठवला. आदल्या दिवशी मी माझं पहिलं इंग्रजी भाषांतर तिला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तिने लिहिलं होतं, भोक मोठं असेल तर ठिगळ लावावं. मी त्याच्या सहा ओळी केल्या होत्या आणि त्यात आयुष्य आणलं होतं. ती ऐकून घेऊन म्हणाली होती, "मी तपासल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही." तपासून झाले नऊ लेख. बावीस राहिले.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. लिफ्ट बंद करून माणूस वर यंत्राशी गेला, की खाली पाटी लावून जातो: काम चालू आहे. ती पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. मालक ओरडो, नवव्या मजल्यावरची म्हातारी शाप देवो, दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, कारण वर कुणाचे तरी हात आत असतात. माझ्या एका सोबत्याची दोन बोटं अशीच गेली. मी चाळीस वर्षांत दुसऱ्याची पाटी काढलेली नाही. आणि आता चौकोनातली ती खूण बघत बसतो, आणि बोट पुढे जात नाही. जणू तिचे हात अजून आत आहेत.

मधल्या काळात बावीस लेखांतली माझी नक्षी उतरवली. जिथे आयुष्य आणलं होतं तिथे परत ठिगळ आणलं. आता तिचीच वाक्यं उरली आहेत, आखूड आणि थोडी रागीट. तिने वाचली असती तर नुसतं पुढचं पान मागितलं असतं.

यजमानांना नमस्कार. गुडघ्याला ऊब दे.

तुझे,
भावोजी

ता. क. पाटी लावणारा परत येणारच नसेल, तर आमच्यात मुकादमाने लेखी परवानगी द्यायची असते. या घरात ताईनंतर मुकादम तूच. दर रविवारी तुम्ही तासभर बोलायचात, त्यात कधीतरी ती म्हणाली असेल, की आता दाखवलं तरी चालेल. तसं सहीनिशी लिहून पाठव. म्हणाली नसेल तरी लिही. लग्नाआधी ती मला भेटायला यायची तेव्हा, ताई शिंप्याकडे गेली आहे, असं तू पाच महिने घरी सांगत होतीस, आणि एकदाही अडखळली नाहीस.

ता. क. दुसरं. परवानगीवर गेल्या सोमवारची तारीख घाल. मंगळवारी मी खूण काढली.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. काल आकडा बघितला. शोधातून आलेले वाचक: एक. मराठी पान, स्वेटरच्या कोपराचं. चाळीस मिनिटं तिथेच. तुझी भाची म्हणते, मी नव्हे. तू असशील तर कळव, परवानगी मिळाली असं धरतो. तू नसशील, तर कुठेतरी कुणीतरी फाटकं कोपर मांडीवर घेऊन बसलं आहे, आणि तुझी ताई त्याला सांगते आहे, की भोकापासून नको, धड कापडापासून सुरू कर.