लॅबमधली तार

आखन, जर्मनी, शुक्रवार संध्याकाळ

हायकेचे आभार नीट मानलेच नाहीत, ते काही डोक्यातून जात नाहीये. सिगारेट सोडून सहा आठवडे झाले. त्याऐवजी व्हेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, ओढतो. तिच्यातली तापणारी तारेची कॉइल आता स्वतःच वळायची ठरवलं, म्हणून दुपारी लॅबमधल्या रिळाची हातभर तार कापून घेत होतो. हायके आमची टेक्निशियन, साठीला आलेली. "ही कशाला?" म्हणाली. मी खरं ते सांगितलं. तिने तार माझ्या हातातून काढूनच घेतली. "अरे, हिच्यावर व्हार्निशचा थर आहे! तापली की तो धूर तुझ्या छातीत जाईल." मला कसं सुचलं नाही? इंजिनियर म्हणे मी!

काम संपल्यावर ती स्वतः माझ्याबरोबर व्हेपच्या दुकानात आली. तिचा नवराही व्हेप वापरायचा. तिने निकेल नसलेल्या कांथल नावाच्या मिश्रधातूची तार निवडून दिली, नवख्याला वळायला सोपी, आणि आतल्या वातीसाठी ब्लीच न केलेला कापूस. कापूस घट्ट कोंबू नकोस, हे तीनदा बजावलं. का केलं तिने एवढं? तार काढून घेताना मला ती चिडलेली वाटली. घाबरली होती बहुतेक.

बसस्टॉपवर तिने विचारलं, "घरी माहीत आहे?"

नव्हतं. म्हणून आल्या आल्या पुण्याला फोन लावला. "आई, मी सिगारेट ओढत होतो."

ती म्हणाली, "होतास ना? मग झालं तर."