करवंदाची जेली आणि म्हापशाच्या विहीणबाई

मुळगाव, १ मे १९८७, शुक्रवार

तिसरा महिना सरला, तरी माझी नात म्हापशातच. सुनेच्या, शैलाच्या आईला म्हणजे आमच्या विहीणबाईंना (पुढे वि.बाई, एवढं लांब कोण लिहितो) मुळगावची धूळ म्हणे बाळाला सोसणार नाही. स्वतः राहतात बसस्टँडच्या पाठीमागे. तिथला धूर म्हणजे गुलाबपाणीच असेल! लेकाला म्हटलं, दिगू, पावसाळ्यात खाणीचे ट्रक बंदच असतात, सांग की त्यांना. "आई, तूंच सांग." सासूसमोर याची जीभ टाळूला.

मी आपली डोंगरावर गेले. रानजाई, आमची कुसर, दोन वेली मुळासकट काढल्या. आधी डोंगराच्या राखणदार देवाला विडी ठेवली. विचारल्याशिवाय रानातलं नेऊ नये. पाळणा बांधलाय त्या खिडकीखाली लावल्या, बायला, माझ्या नातीला, वास येईल. वि.बाईंकडे प्लास्टिकचे गुलाब. ते साबणाने धुतात!!

५ मे

करवंदं. तेल लावूनही बोटांचा चीक जाईना. जुन्या लुगड्याच्या फडक्यातून रस गाळला, साखर घालून जेली केली. शेजारच्या रोझाबायने शिकवलेली, बिचारी आता लेकाकडे मुंबईला. नुसती काळी करवंदं घेतली तर धरत नाही, मूठभर अर्धी लाल लागतात. वि.बाईंनी गेल्या साली केलेली, झालं सरबत. "आम्हांला पातळच आवडते." बरं बाई.

८ मे, शुक्रवार

दिगू म्हापशाच्या बाजाराला गेला, त्याच्याबरोबर एक बाटली धाडली.

संध्याकाळी बाटली परत! वर निरोप: "बाळंतिणीच्या घरी आंबट धाडतात? एवढं ज्यांना कळत नाही, त्यांच्याकडे मी लेक नि नात कशी पाठवू?"

मला शिकवतात. बाळंतिणीला आंबट देत नाहीत हे मला ठाऊक नाही? पाहुण्यांसाठी होती ती. पण तसं दिगूला बजावायला विसरले, झाली चूक. आयतं कोलीत दिलं हातात. आता बाय येणार कधी...

एक मात्र. बाटली आली ती अर्धी. शैलाला आंबट बंद, व्याह्यांना गोड बंद. म्हापशाच्या मुंग्या पावाला लावून खातात वाटतं.

२० मे

एक वेल मेली. दुसरीला कोंब! भांड्यांचं पाणी घालते, रोज ओल्या फडक्याने पानांवरची तांबडी धूळ पुसते. शेजारीण कुंपणावरून: "गे, झाडांक न्हाणयतंस काय?" हसू दे.

दिगू नि व्याही भेटले की कोंकणी-मराठीचा वाद, गोवा राज्य होणार नि काय काय. घरातली पोर घरी आणायचं कोणी बोलत नाही. शहाणे.

३० मे, शनिवार

गोवा राज्य झालं, रेडिओवर भाषणं. माझं राज्य सकाळच्या बसने आलं! बाय केवढी झालीय. गाल, गाल. डोंगरावरून आणलेलं कुसरीचं फूल नाकाशी धरलं तर शिंकली नि हसली. हसली म्हणजे हसलीच.

वि.बाई पण होत्या. "फक्त पाहायला आणलंय हां, संध्याकाळच्या बसने परत." पिशवीची गाठसुद्धा सोडली नाही. खिडकीवरून बोट फिरवलं, धूळ आहे का बघायला. फिरवा. मी तीनदा पुसलेली.

दुपारी स्वयंपाकघरात गेले तर बाई पावाला जेली लावून उभ्याने खातायत. मुंगी सापडली! त्याच म्हणाल्या, "तुमची अशी घट्ट कशी हो होते?"

"तोंडाने सांगून येत नाही, विहीणबाई. सकाळी डोंगरावर यावं लागतं. शेवटची करवंदं आहेत, पाऊस लागला की गेली."

"सकाळी? मग आमची बस?"

आतून शैला: "मम्मी, पाळणा बांधलेलाच आहे गे."

बस आली, हॉर्न मारला, गेली. पिशवी दाराशी तशीच.

आता जेवून घोरतायत. बाय पाळण्यात, खिडकी उघडी. एकच रात्र कबूल केलीय, पुढचं देव जाणे. पहाटे उठवते. टाचांची चप्पल घालून आल्यात डोंगराच्या गावाला, माझी देईन. अर्ध्या लाल करवंदांचं मात्र उद्या नाही सांगायचं. एका दिवसात कुठे जेली येते कोणाला?