एकही नवं भोक नाही

रविवार, संध्याकाळ

आज आंबिवलीहून ट्रक स्वतः चालवत आणला! लष्कराने मोडीत काढलेलं हे जुनं धूड माझ्या दुखऱ्या खांद्याला वळवता येत नव्हतं. पॉवर स्टिअरिंग बसलं नसतं तर विकावंच लागलं असतं. तिथल्या तात्या मिस्त्रींनी बसवलं, तेही चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, एकही नवं भोक न पाडता. मूळच्याच भोकांवर बसेल असं ब्रॅकेट घडवण्यात तीन आठवडे गेले. मी केवढा वैतागलेलो.

"अहो तात्या, ड्रिल मारा ना. दहा मिनिटांचं काम."

"मारतो की. पण तुमच्यानंतर ज्याच्याकडे जाईल, त्याला जुनं स्टिअरिंग परत लावायचं असलं तर?"

तुमच्यानंतर. किती सहज म्हणाले! आणि मला राग कसा नाही आला? ट्रक माझा, असंच धरून चाललेलो मी. जुना स्टिअरिंग बॉक्सही त्यांनी ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून ट्रकमध्येच मागे ठेवून दिलाय.

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी एका हाताने वळत होती. घरी पोचल्यावर खाली वाकून पुन्हा बघितलं. खरंच, एकही नवं भोक नाही.

डॅशबोर्डला मारायला आणलेला मोबाइल होल्डर, स्क्रूंसकट, पिशवीतच राहू दिला.