डावी चप्पल

वेल्हे,
११ नोव्हेंबर २०२५

आदरणीय प्रेरणावहिनींना,
आकाशचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत. भाताची कापणी चालू आहे, आईचे गुडघे कुरकुरतात. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय म्हणून पत्र लिहितोय. तुमच्या माहेरी, वरव्यात टपाल वेळेवर मिळतं की नाही, कुणास ठाऊक.

सिनेमाच्या शूटिंगचं जुनं सामान जमवायचं माझं वेड तुम्हाला माहीत आहेच. "भावजी, भंगारवाल्याला तरी लाजवू नका," म्हणून हसायचात. कापूरहोळच्या माझ्या गॅरेजात आता खोटी तोफसुद्धा आहे. टायर निघेपर्यंत गिऱ्हाईकं तिच्याबरोबर फोटो काढतात. गेल्या महिन्यात भोरच्या एका गोडाऊनमधून ढाली-तलवारींची पेटी आणली. सोमादादा ज्या सिनेमात मावळा झाला होता, त्याच युनिटची.

तो सिनेमा लागला तेव्हा नदी ओलांडायचा सीन त्यात नव्हताच. अख्खा गाव पडद्यावर स्वतःला शोधायला गेला आणि शिव्या घालत परत आला.

वहिनी, मी उगाच लांबण लावतोय.

युनिटची रीत तुम्हाला आठवत असेल. ढाल द्यायची आणि माणसाची एक चप्पल पेटीत ठेवून घ्यायची. ढाल परत केली की चप्पल परत. त्या दिवशी दादा घरी आला नाही, तेव्हा युनिटवाले म्हणाले, ढाल जमा करून, चप्पल घेऊन गेला. तुम्हाला नदीकाठच्या आंब्याखाली त्याची उजवी चप्पल सापडली. ती हातात धरून तुम्ही ज्याला त्याला विचारत होतात, "एक घिऊन दुसरी टाकून कोण जातंय व्हय?" कुणी ऐकलं नाही. गावानं त्यात सेटवरची मेकअपवाली घुसवली. आईनं तर, "तुझ्याच तोंडाला कटाळून गेला माझा ल्योक," म्हणून तुम्हाला घराबाहेर काढलं.

पेटीच्या तळाशी डावी चप्पल होती. अंगठ्याला तुम्ही घातलेला निळ्या दोऱ्याचा टाका.

मग मला चैन पडेना. पुण्यात एडिटिंग करणाऱ्या एकाच्या हातापाया पडून तो कापलेला सीन मिळवला. माझं नाव घेऊ नका, म्हणाला.

कानंदीचं पाणी चढलेलं. ढाली डोक्यावर धरून सगळे उतरतात. दादा शेवटच्या रांगेत. मधोमध त्याचा पाय सुटतो. पुढचे पुढेच बघत असतात. एकदा हात वर येतो, मग नुसती ढाल तरंगते. काठावरून कुणीतरी ओरडतं, "अरे, ढाल पकडा!" दोघं उड्या मारतात. ढालीसाठी. मग "कट! मस्त झालं!" आणि टाळ्या.

दादा गेला, वहिनी. त्याच दिवशी गेला. तुम्हाला टाकून नाही गेला. तुम्ही खरं बोलत होतात.

सीन वकिलांकडे दिलाय.

आईला तो दाखवायची माझी छाती झाली नाही. फक्त चप्पल दिली. तिनं ती पदरानं पुसली आणि मांडीवर घेऊन बसली. पुढच्या रविवारी दादाचा जलदान विधी ठेवलाय. पाण्यानं नेलेल्या माणसाला पुन्हा पाणीच द्यायचं, हे मलाही सोसत नाही. ते तुमच्या हातून व्हावं, पण या म्हणायला आम्हाला तोंड नाही.

आई माफी मागेल असं वाटत नाही. काल रात्री ताटावर बसली आणि न जेवताच उठली. जाताना एवढंच म्हणाली, "पिरेरणाकडं दुसरी हाय का रं अजून?"

अजूनही तुमचाच दीर,
आकाश