तुमच्या क्लॅरिनेटचा सा

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. लिहायला हात धजत नव्हता. आज शाळेतून मुलुंडला घरी न जाता थेट वाकोल्याला, तुमच्या घरी आले. आई शेजारी भाजी निवडतेय. वर्गात जे झालं, ते आधी तुम्हालाच सांगायचंय.

नववीला ध्वनी शिकवत होते. एकाने पेटीवर सा धरला, एकीने बासरीवर तोच सा. "सूर एकच, मग डोळे मिटूनही वाद्य कसं ओळखता रे?" मी विचारलं. मोबाइलवर दोन्ही लहरी दाखवल्या. मूळ कंपनं सारखीच, पण त्यांच्याबरोबर उठणारी वरची बारीक कंपनं एकात कमी, दुसऱ्यात जास्त. म्हणून आवाज वेगळा.

लहानपणी हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता, आठवतं? क्लॅरिनेटची पत्ती ओठांत ओली करत तुम्ही म्हणालात, "सूर कधी एकटो येना नाय गो. वांगडा बारीक-बारीक सूर घेऊन येता." सातवी शिकलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं हो? काय कान होता तुमचा!

आणि मी? लग्न ठरल्यावर म्हटलं, "अप्पा, हॉलवर क्लॅरिनेट नको हं. सासरचे काय म्हणतील, बँडवाल्याची मुलगी?" जन्मभर दुसऱ्यांच्या वरातीत वाजवलंत, आणि माझ्या लग्नात नवा शर्ट घालून नुसते उभे राहिलात. ओरडायचं होतं ना माझ्यावर! "बरां" एवढंच का म्हणालात?

आज सायली नावाची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, माझे पप्पा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. त्याचा सा कसा दिसेल?" मागून कुणीतरी ओरडलं, "ए बँडवाली!" सगळे हसले. तिने मान खाली घातली.

"माझे अप्पाही बँडमध्येच होते," मी म्हणाले. "चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते."

नोकरीला लागल्यापासून हे मी शाळेत कुणालाच सांगितलं नव्हतं, अप्पा. सायलीने वर बघितलं आणि अशी हसली! मी फळ्याकडे वळून डोळे पुसले.

तुमच्या जिवंतपणी का नाही जमलं मला हे?

मी बोलावलं म्हणून शनिवारी सायलीचे पप्पा ट्रम्पेट घेऊन शाळेत येतायत. तोच सूर तुमच्या क्लॅरिनेटवर मी धरणार. मघाशी फुंकून बघितलं, तर आईने कानांवर हात ठेवले! पण शिकेन, रोज येऊन शिकेन. चिरका लागला तरी वाजवेनच. सासूबाईंनाही फोन करून बोलावलंय. वचन देते अप्पा, त्यांना पहिल्या रांगेत बसवेन.

तुमची,
सुमी